जखमी अस्वलाच्या मागावर जाताना कोणतं पिस्तूल, कोणतं काडतूस?

अस्वल आल्डर नावाच्या दाट झुडपांच्या जाळीत शिरतं. दोन-चार फांद्या मोडल्याचा आवाज येतो, मग काहीच नाही. बाण लागलाय हे नक्की, पण नेमका कुठे लागलाय ते बाण सोडणाऱ्यालाही सांगता येत नाही, कारण त्याचे हात अजून थरथरतायत. आता कोणीतरी आत जायला हवं. जखमी जनावर तसंच सोडून परत येणं शिकाऱ्यांच्या रीतीत बसत नाही. शिवाय अलास्काच्या काही विभागांत जखमी केलेलं अस्वल सापडलं नाही तरी ते त्या वर्षाच्या कोट्यात धरलं जातं.

मी अलास्कात राहतो. शिकारी म्हणून माझी काही ख्याती नाही. ओझी वाहायला आणि रक्ताचा माग काढायला ओळखीचे लोक हाक मारतात, तेवढंच. पण अमेरिकेतल्या मराठी मंडळींपैकी कोणी नव्याने शिकारीला लागलं की हटकून एकच प्रश्न येतो: "अस्वलासाठी कुठलं कॅलिबर घेऊ?" (कॅलिबर म्हणजे नळीचं आणि गोळीच्या जाडीचं माप, आणि बोलण्यात त्या मापाचं काडतूसच.) या प्रश्नाचं एका ओळीत उत्तर देणारे दुकानात पैशाला पासरी भेटतात. मी मात्र तो प्रश्न आधी चार तुकड्यांत फोडतो आणि कॅलिबर शेवटी ठेवतो.

आधी कायदा, मग दुकान

भारतात हा विषयच उद्भवत नाही. मेळघाट, ताडोबा, गडचिरोली, बुलढाण्याकडचं आपलं अस्वल १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत आहे. त्याची शिकार बंद आहे, आणि जखमी अस्वल दिसलं तर मागे न जाता वनखात्याला कळवायचं असतं. पुढचं सगळं अमेरिकेतल्या, मुख्यतः अलास्कातल्या, परवाना काढून होणाऱ्या शिकारीबद्दल आहे.

एच-वन-बीसारख्या व्हिसावर असाल तर अमेरिकी संघीय कायद्याने बंदूक किंवा काडतूस जवळ बाळगायलाच मनाई आहे. अपवाद आहेत, त्यातला नेहमीचा म्हणजे अमेरिकेतल्या एखाद्या राज्याचा वैध शिकार परवाना हातात असणं. मित्राची बंदूक "फक्त धरून बघतो" म्हणण्याआधी हे वाचून घ्या, कारण यात व्हिसाही जाऊ शकतो. ग्रीन कार्डवाल्यांना ही मनाई नाही. हँडगन, म्हणजे पिस्तूल आणि फिरत्या सिलिंडरचं रिव्हॉल्व्हर दोन्ही, साधारणपणे आपण राहतो त्याच राज्यात ताब्यात घेता येते. टेक्सासात राहून अँकरेजच्या दुकानातून थेट कमरेला लावून निघता येत नाही.

अलास्कात तपकिरी अस्वलाच्या शिकारीला बाहेरच्या राज्यातल्या माणसाबरोबर परवानाधारक मार्गदर्शक लागतो, किंवा तिथे राहणारा १९ वर्षांवरचा जवळचा नातेवाईक. अमेरिकेचे रहिवासी नसलेल्या परदेशी नागरिकाला तर कुठल्याही मोठ्या जनावरासाठी मार्गदर्शक लागतोच. म्हणजे भारतातून पाहुणा आला असेल तर मागावर जायचा निर्णय त्याचा नसतो, मार्गदर्शकाचा असतो. हे एका परीने बरंच आहे.

आणि कॅनडातून गाडीने यायचा विचार असेल तर हँडगन घरी ठेवा. तिथे जंगलात ती बाळगायला अगदी मोजक्या धंदेवाईक लोकांना परवानगी मिळते, आणि २१ ऑक्टोबर २०२२ पासून हँडगनची खरेदी-विक्री आणि हस्तांतरही जवळपास बंद आहे. कॅनडातले लोक या कामाला रायफल किंवा बारा बोअरची बंदूक वापरतात. खरं तर आपणही आधी तीच वापरायची आहे.

हँडगनचं काम काय, ते ठरवून घ्या

सगळा गोंधळ इथेच होतो. जखमी अस्वलाला संपवण्याचं हत्यार म्हणजे रायफल, किंवा बारा बोअरमध्ये अखंड गोळीचं काडतूस. साधी .३०-०६ रायफल नळीच्या तोंडाशी सुमारे २८०० फूट-पाउंड ऊर्जा देते, .३७५ एच अँड एच ४००० च्या वर. .४४ मॅग्नमचं चांगलं काडतूस चार इंची नळीतून १००० च्या आसपास देतं. म्हणजे लोक ज्याला "हातातली तोफ" म्हणतात ते हत्यार साध्या रायफलच्या जेमतेम एक-तृतीयांश. अमेरिकेच्या वनसेवेने १९८३ साली अस्वलांच्या मुलखात काम करणाऱ्या कर्मचाऱ्यांसाठी पंधरा यार्डांवरून वेगवेगळी हत्यारं तपासली होती, तेव्हाही यादीच्या माथ्यावर .४५८ आणि .३७५ सारख्या रायफलीच होत्या.

मग हँडगन कशाला? माग काढणाऱ्याच्या हातांसाठी. रक्त शोधणाऱ्याची नजर जमिनीवर असते. एका हाताने तो फांद्या बाजूला करतो, दुसऱ्या हातात कुत्र्याचा पट्टा असतो नाही तर खुणेला टाकायचे टॉयलेट पेपरचे तुकडे. (पांढरा कागद दुरून दिसतो आणि पावसात विरून जातो, प्लॅस्टिकच्या फितीपेक्षा बरा.) आल्डरच्या गचपणात ओणवं होऊन सरपटताना पाठीवरची रायफल प्रत्येक फांदीत अडकते. तेव्हा रायफलवाला वेगळा, तो नजर समोर ठेवून चालणार. आणि माग काढणाऱ्याच्या छातीवर हँडगन. रायफलवाला घसरला, अस्वल दोघांच्या मधे आलं, किंवा माणूस खाली आणि अस्वल वर अशी वेळ आली, तर आणि तरच ती बाहेर येते.

याचा अर्थ तुम्हाला हवंय ते हातभर ते दहा-बारा मीटर अंतरावर चालणारं, एका हाताने, ओल्या हाताने, पाठीवर पडलेलं असतानाही चालणारं हत्यार. पन्नास मीटरवरचा नेम, कागदावरची ऊर्जा, दुकानदाराच्या भुवया उंचावणारा आवाज, हे सगळं इथे बिनकामाचं.

मिरपुडीच्या फवाऱ्याबद्दलही विचारतात. अलास्कातल्या १९८५ ते २००६ मधल्या घटनांवरच्या अभ्यासात तपकिरी अस्वलांच्या बाबतीत फवाऱ्याने दहापैकी नऊ वेळा काम केलं असं निघालं, आणि ट्रेकला मी स्वतः तोच नेतो. पण ते आकडे बहुतेक धडधाकट, कुतूहलाने किंवा पिल्लासाठी अंगावर आलेल्या अस्वलांचे आहेत. पोटात बाण घेऊन जाळीत दबा धरून बसलेल्या अस्वलाला ते लागू करू नका. फवारा पट्ट्याला असू द्या, जाळीत शिरताना भिस्त त्याच्यावर ठेवू नका. विमानात तो चालत नाही, ना हातातल्या बॅगेत ना खालच्या सामानात. तिथे पोचल्यावरच विकत घ्या.

अस्वल कोणतं, जागा कोणती

काळं अस्वल आणि तपकिरी अस्वल ही या कामापुरती दोन वेगळी जनावरं समजा. काळ्याचा मोठा नर शंभर ते दोनशे किलोच्या घरात. किनाऱ्यावर सामन मासा खाऊन वाढलेला तपकिरी नर चारशे-पाचशे किलोंचा, कोडियाक बेटावरचा त्याहूनही मोठा. खांद्यावरचा स्नायू, त्यावर शरद ऋतूतली जाड चरबी, त्यावर ओले दाट केस. दोघंही उघड्यावर ताशी पन्नास किलोमीटरच्या वर पळतात, म्हणजे सेकंदाला सुमारे पंधरा मीटर. जाळीत वेग कमी होतो, पण जाळीत तुम्हाला ते दिसतंच मुळी दहा मीटरवर.

या हिशेबात तुमच्या वाट्याला एक ते दीड सेकंद येतो. पुढचं सगळं या दीड सेकंदात बसवायचं आहे.

अमेरिकेच्या ईशान्येकडच्या मेन किंवा व्हर्मांटसारख्या राज्यांत फक्त काळी अस्वलं आहेत. तिथे पट्ट्याला बांधलेला एक कुत्रा घेऊन माग काढणाऱ्यांची चांगली परंपरा आहे. मेनमध्ये त्याला वेगळा परवाना लागतो. तिथल्या कामाला पुढच्या यादीतली खालची कॅलिबरं पुरतात. अलास्कातही जखमी जनावराच्या मागावर पट्ट्याला बांधलेला एक कुत्रा नेता येतो.

गोळी आधी, कॅलिबर नंतर

माणसांपासून संरक्षणासाठी विकली जाणारी पोकळ टोकाची गोळी शरीरात शिरली की फुलते आणि लवकर थांबते. शहरात तेच हवं असतं. अस्वलाच्या बाबतीत तीच गोळी चरबीत आणि खांद्याच्या स्नायूत फुलून तिथेच बसते, आणि पाठीचा कणा अजून वीतभर लांब असतो. इथे खोली हवी, हाड मोडून सरळ जाणारी गोळी हवी.

म्हणून तीन प्रकार बघा. पहिला, कडक शिशाची ओतीव गोळी, इथे जिला "हार्डकास्ट" म्हणतात. शिशात अँटिमनी आणि कथील मिसळून ती कडक केलेली असते. टोक रुंद आणि सपाट असावं. गोल टोक हाडावर घसरून दिशा बदलू शकतं, सपाट टोक सरळ जातं आणि जखमही रुंद करतं. दुसरा प्रकार अखंड तांब्याची, न फुलणारी गोळी. तिसरा, धातूच्या जाड वेष्टनाची सपाट टोकाची गोळी. डब्यावर वजन ग्रेनमध्ये लिहिलेलं असतं. साडेपंधरा ग्रेन म्हणजे सुमारे एक ग्रॅम. त्याच कॅलिबरमध्ये जड गोळी घ्या. हलकी गोळी वेगाचा मोठा आकडा दाखवते, खोल जात नाही.

डब्यावरच्या वेगालाही फसू नका. तो बऱ्याचदा लांब नळीतून मोजलेला असतो. अडीच इंची नळीतून तेच काडतूस सेकंदाला शेकड्याने फूट वेग गमावतं आणि न जळलेली दारू ज्वाळा होऊन बाहेर पडते. वेग मोजायचं यंत्र नेमबाजीच्या कुठल्याही रेंजवर कोणाकडे तरी असतं. मागून घ्या, आपल्या नळीतून मोजा.

आता कॅलिबर

९ एमएम. लोक हसतात, पण हसू नये. २०१६ साली अलास्का द्वीपकल्पातले नावाजलेले मार्गदर्शक फिल शूमेकर यांनी अंगावर आलेलं तपकिरी अस्वल ९ एमएम पिस्तुलाने मारलं. ही बातमी वाचून बऱ्याच जणांनी "मग ९ एमएम पुरे" असा निष्कर्ष काढला. त्यांनी दोन गोष्टी सोडल्या: गोळ्या १४७ ग्रेनच्या कडक शिशाच्या होत्या, आणि हात आयुष्य अस्वलांत काढलेल्या माणसाचे होते. तुमच्याकडे आधीच ९ एमएम असेल, त्यावर हात बसला असेल आणि माग काळ्या अस्वलाचा असेल, तर योग्य काडतूस घालून ती आणा. तपकिरी अस्वलाच्या मागासाठी नवीन घ्यायची असेल तर मी ही घेऊ नका म्हणेन.

.३५७ मॅग्नम, १९३५ पासूनचं. चार इंची नळीचं मध्यम वजनाचं रिव्हॉल्व्हर आणि १८० ग्रेनची कडक गोळी, हे काळ्या अस्वलासाठी माझ्या मते सगळ्यात दुर्लक्षित आणि सगळ्यात शहाणं जुळणं. धक्का सोसवतो आणि सराव परवडतो, कारण त्याच रिव्हॉल्व्हरमधून .३८ स्पेशल ही स्वस्त काडतुसंही उडतात. दोन इंची नळीत मात्र निम्मी मजा जाते.

१० एमएम ऑटो. १९८३ मध्ये आलं, मधे विस्मरणात गेलं, आणि आता अलास्कात जिकडे बघावं तिकडे हेच. कारण सोपं आहे: २०० ते २२० ग्रेनची कडक गोळी ११०० ते १२०० फूट प्रति सेकंद वेगाने, म्हणजे ताकद .३५७ च्या वरच्या टोकाला, आणि मॅगझिनमध्ये पंधरा काडतुसं. ईशान्य ग्रीनलंडमध्ये कुत्र्यांच्या घसरगाड्यांवरून गस्त घालणारं डेन्मार्कचं सिरियस पथक पांढऱ्या अस्वलांच्या मुलखात याच कॅलिबरचं ग्लॉक २० पिस्तूल बाळगतं. त्यांच्याकडेही .३०-०६ रायफली असतात, हे सांगायला लोक विसरतात. आज कोणी नवखा मला विचारतो तेव्हा दहापैकी सात वेळा मी इथेच बोट ठेवतो. एक सावधगिरी: बाजारातली बरीच १० एमएम काडतुसं मुद्दाम मवाळ भरलेली असतात, ती सरावाला ठीक. जाळीत जाताना डबा वाचून घ्या.

.४४ मॅग्नम, १९५५-५६ मधलं स्मिथ अँड वेसनचं. तपकिरी अस्वलाच्या मुलखातली जुनी, विश्वासाची निवड. २४० ते ३०५ ग्रेनच्या गोळ्या, १२०० ते १३०० फूट. ज्याला ते खरोखर चालवता येतं त्याच्या हातात याहून चांगलं काही नाही. पण "खरोखर" या शब्दावर थांबा. सव्वा किलोच्या आसपासचं पोलादी रिव्हॉल्व्हर असेल तर दुसरा बार वेळेत निघतो. सातशे ग्रॅमचं हलक्या धातूचं घेतलं तर दिवसभर छातीवर जाणवत नाही, आणि पहिल्या बारानंतर तळहात काही काळ आपला राहत नाही. मध्यम भरलेलं काडतूस, कडक २४० किंवा २५५ ग्रेन, ११०० फुटांच्या आसपास, हे बहुतेकांना झेपतं आणि खोलीही भरपूर देतं. सगळ्यात तापट काडतूसच घ्यायला पाहिजे असं कुठे लिहिलेलं नाही.

.४५४ कॅसुल, .४६० आणि .५०० स्मिथ अँड वेसन. शेवटचं २००३ चं, चार इंची नळीचं रिव्हॉल्व्हर रिकामंच दीड किलोच्या वर. कागदावर ही .४४ च्या दुप्पट-अडीचपट. मी स्वतः हौसेने .५०० घेतलं होतं. रेंजवर पहिल्या बाराला टाळ्या पडल्या, दुसऱ्याला माझे डोळे मिटले, आणि पाचव्यापर्यंत मी बार निघायच्या आधीच नळी खाली झुकवायला लागलो होतो. दोन महिन्यांत विकलं. वर्षाला हजार काडतुसं उडवणारा एखादा असतो, त्याला शोभतं. बाकीच्यांसाठी हे एका बाराचं हत्यार आहे, आणि आपला हिशेब एका बाराचा नाही. .४५४ च्या रिव्हॉल्व्हरमध्ये .४५ कोल्टची जड काडतुसं घालून चालणारे काही जुने लोक मला माहीत आहेत. त्यांची निवड मला पटते.

अलास्कातल्या १८८३ ते २००९ मधल्या २६९ घटना तपासणाऱ्या २०१२ च्या अभ्यासात हँडगनने अस्वल रोखल्याचं प्रमाण ८४ टक्के आणि लांब नळीच्या बंदुकांनी ७६ टक्के निघालं. यावरून पिस्तूल रायफलपेक्षा भारी ठरत नाही. जिथे बंदूक कामी आली नाही तिथली कारणं वाचा: वेळच मिळाला नाही, सुरक्षेचा खटका उघडला नाही, हत्यार अडलं, अस्वल फार जवळ होतं, नेम चुकला. कॅलिबर वाढवून यातलं एकही कारण दूर होत नाही.

रिव्हॉल्व्हर की पिस्तूल

रिव्हॉल्व्हर अस्वलाच्या अंगाला टेकवून चाप ओढला तरी उडतं. पिस्तुलाची नळी जोराने दाबली गेली तर स्लाइड, म्हणजे वरचा सरकता भाग, मागे सरकतो आणि बार होत नाही. पाठीवर पडून ढिल्या मनगटाने उडवलं तर पिस्तूल पुढचं काडतूस नीट भरत नाही. उलट रिव्हॉल्व्हरमध्ये पाच-सहा बार, आणि ते संपल्यावर पुन्हा भरायला कोणीही थांबत नाही. ज्याला आयुष्यात कशाचाच सराव नाही त्याने पिस्तूल घ्यावं. धक्का विभागला जातो, बार लवकर लवकर निघतात. रिव्हॉल्व्हर घेतलंत तर घोडा अंगठ्याने मागे ओढायची सवय लावून घेऊ नका. लांब, जड चाप ओढूनच सराव करा, कारण त्या दीड सेकंदात दुसरं काही जमत नाही.

ग्लॉकच्या जुन्या नळ्यांत, ज्यांच्या आतल्या खाचा बहुभुजी असतात, वेष्टन नसलेल्या शिशाच्या गोळ्या वापरू नका असं कंपनीच सांगते. शिसं साचून दाब वाढू शकतो. अशा पिस्तुलात तांब्याची अखंड किंवा वेष्टनाची गोळी घाला, नाही तर साध्या खाचांची नळी बसवून घ्या.

काडतुसाची परीक्षा

हलक्या .४४ मध्ये एक दोष असा निघतो की दुकानात कोणी सांगत नाही. धक्क्याने काडतूस मागे झटकलं जातं आणि आतली गोळी जडत्वाने जागेवरच राहते, म्हणजे काडतुसाच्या पितळी कवचातून हळूहळू पुढे सरकते. चार बारांनंतर ती सिलिंडरच्या तोंडाबाहेर येते, नळीला अडते आणि सिलिंडर फिरायचाच थांबतो. रेंजवर हे माझ्यासमोर घडलंय: नवं कोरं रिव्हॉल्व्हर, महागडी काडतुसं, आणि पाचव्या बाराला चाप दगडासारखा. तेव्हा असं करा. पूर्ण भरा, एका काडतुसाची लांबी व्हर्नियरने मोजून त्याच्या बुडावर पेनने खूण करा. बाकीचे सगळे उडवा. खुणेचं काढून पुन्हा मोजा. लांबी वाढली असेल तर ते काडतूस या हत्यारासाठी बाद, डबा कितीही महाग असो.

पिस्तुलाला जाळीत न्यायचीच काडतुसं किमान शंभर, प्रत्येक मॅगझिनमधून, काही एका हाताने. एक जरी अडलं तरी कारण सापडेपर्यंत ते पिस्तूल मागावर न्यायचं नाही.

ताटलीची परीक्षा

कॅलिबरचा निकाल इथे लागतो. वीस सेंटिमीटरची कागदी ताटली, सात मीटर. अंगावर पावसाचा कोट, हातात नेहमीचे मोजे. होल्स्टरमधून (हत्याराच्या म्यानातून) काढून चार बार, साडेतीन सेकंदांच्या आत, चारही ताटलीत. दिवसातला पहिला प्रयत्नच धरायचा, हात तापल्यानंतरचा नाही. हे माप माझं आहे, कुठल्या नियमावलीतलं नाही, पण मला ते प्रामाणिक वाटतं. मग तीन मीटरवर, एका हाताने तीन बार.

.४४ ने जमलं नाही तर मवाळ काडतूस घाला. तरीही नाही तर १० एमएम. तिथेही नाही तर ९ एमएम घ्या आणि तपकिरी अस्वलाच्या मागावर रायफलवाल्याच्या मागे राहा, पुढे येऊ नका. यात अपमान वाटण्यासारखं काही नाही. ताटलीबाहेर गेलेल्या .५०० च्या गोळीने अस्वलाचे फक्त कान वाजतात.

नेम कुठे, हेही याच वेळी डोक्यात बसवा. अस्वलाचं कपाळ भरगच्च दिसतं, पण वरचा बराच भाग स्नायू आणि हाडाचा कंगोरा असतो. मेंदू खाली, डोळ्यांच्या मागे. समोरून येणाऱ्या डोक्यात डोळ्यांच्या रेषेच्या किंचित खाली, नाकाच्या वर. आडवं असेल तर खांदा मोडा. आणि पडेपर्यंत थांबू नका.

छातीवर

कमरेचा होल्स्टर पिठूच्या पट्ट्याखाली दबतो आणि ओणवं झालं की हातच पोचत नाही. छातीवर आडवा बसणारा होल्स्टर घ्या, चाप पूर्ण झाकणारा. पिठू, दुर्बिणीचा पट्टा आणि कोट सगळं चढवून घरी रिकाम्या हत्याराने पन्नास वेळा काढून बघा. बहुतेकांचा घोळ दुर्बिणीपाशी होतो.

कानांचं विसरू नका. आखूड नळीच्या .४४ चा एक बार उघड्या कानांना कायमची इजा करू शकतो. इलेक्ट्रॉनिक कानटोप्या लावा. त्या मोठा आवाज अडवतात आणि बारीक आवाज मोठा करून ऐकवतात. जाळीतलं घरघरतं श्वसन मी पहिल्यांदा त्यातूनच ऐकलं.

जाळीत

घाई करू नका. छातीत चांगला लागल्याची खात्री असेल तरी अर्धा-एक तास थांबा. यकृतात लागला असेल तर तीन-चार तास, आतड्यात असेल तर त्याहून बरंच जास्त. फेसाळ, लालभडक रक्त म्हणजे फुप्फुस. काळपट म्हणजे यकृत. हिरवट आणि घाण वासाचं म्हणजे आतडं. अस्वलाची चरबी जखमेचं तोंड बुजवते आणि केस रक्त शोषतात, त्यामुळे माग पहिल्या वीस पावलांनंतर आटला म्हणून जखम किरकोळ असं समजू नका. पाऊस येत असेल तर निर्णय अवघड होतो; तिथे मार्गदर्शकाचं ऐका. अंधार पडत असेल तर माझं मत स्पष्ट आहे, सकाळी या. दिव्याचे नियम प्रत्येक राज्यात वेगळे असतात, तेही आधी विचारून ठेवा.

आत जाताना दोघं-तिघं, जास्त नाही. कोण कुठल्या बाजूला बार काढणार ते बाहेरच ठरवा. जाळीत माणसाचीच गोळी माणसाला लागण्याची भीती खरी असते. माग काढणाऱ्याची हँडगन होल्स्टरमध्येच. ती हातात घेऊन सरपटायचं नाही, कारण ओल्या मुळावर पाय घसरला की बोट कुठे जाईल सांगता येत नाही. थांबलात, ऐकताय, समोर काहीतरी हललंय, तेव्हा हातात. पुन्हा चालायच्या आधी परत आत. जखमी अस्वल वळसा घालून स्वतःच्याच मागाच्या कडेला बसू शकतं, म्हणून रायफलवाल्याने समोरच नव्हे, बाजूला आणि मागेही बघत राहायचं.

पडलेलं दिसलं की मागच्या बाजूने, शक्यतो वरून जा. एकाने रायफल खांद्याला लावून रोखलेली, दुसऱ्याने लांब काठीने डोळ्याला स्पर्श. पापणी हलली तर पुन्हा एक बार. मिटलेले डोळे दिसले तर मी जवळ जात नाही. मेलेल्या जनावराचे डोळे बहुधा उघडे असतात.

घरी आल्यावर होल्स्टर आणि हत्यार वेगवेगळं वाळवा. ओल्या कातडी होल्स्टरमध्ये ठेवलेलं पोलाद एका रात्रीत गंजतं. जी काडतुसं पावसात छातीवर दोन-तीन दिवस होती ती पुढच्या खेपेला पुन्हा भरू नका, रेंजवर उडवून टाका. त्यातलं एखादं नीट पेटलं नाही तर पुढच्या मोसमाच्या आधी डबा बदला.